निसर्गचित्रातला हिवाळा आणि गावकुसाबाहेरचा माणूस

मराठी कलासमीक्षेत निसर्गचित्राविषयी जे काही लिहिले गेले आहे ते बहुतांशी रंग, प्रकाश, कुंचल्यावरची हुकमत आणि चित्रकाराची वृत्ती यांविषयी आहे. चित्रातले शेत कुणाचे, त्यात वाकलेली बाई कोण, ती कोणत्या मजुरीवर वाकली आहे, हे प्रश्न कलाबाह्य समजले गेले. दलित लेखकांनी साहित्याला असेच प्रश्न विचारले तेव्हा तेही साहित्यबाह्य ठरवले गेले होते. तिथे आपण माघार घेतली नाही, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला आपली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. चित्रकलेच्या इतिहासावर ती वेळ अजून आलेली नाही. मी चित्रकार नाही. लातूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि चित्राकडे दस्तऐवज म्हणून पाहण्याची सवय मला त्या विषयाने लावली. त्या सवयीने एक लहानसा प्रश्न इथे घेतो: खेड्यातला हिवाळा चित्रात आला, तो कुणाचा हिवाळा?

हिवाळाच का, हे आधी सांगितले पाहिजे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावात पावसाळा हा पेरणीचा आणि उधारीचा काळ, उन्हाळा पाण्यासाठी वणवण करण्याचा. हिवाळ्यात धान्य दिसते. खरिपाची रास घरात येते, काळ्या रानात रब्बीची ज्वारी उभी असते, पौषात ती हुरड्यावर येते आणि माघ-फाल्गुनात काढणीला. धान्य दिसू लागले की गावाची रचनाही दिसू लागते, कारण वाटणी त्याच वेळी होते. जुन्या गावगाड्यात बलुत्याचा हिशेब खळ्यावर व्हायचा. मधोमध तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात, वावडीवर उभे राहून वाऱ्याच्या तोंडाला धान्य उधळणारा गडी, आणि कडेला हात जोडून उभे असलेले हक्कदार. महाराने वर्षभर येसकरी केली, सांगावे पोचवले, मेलेली जनावरे ओढली, मोळ्या वाहिल्या. मांगाने दोर वळले, केरसुण्या बांधल्या. त्याचा मोबदला म्हणून खळ्यावर जे पडेल ते पदरात घ्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहिले. बलुतेदारांच्या ओळी, हक्क आणि कामे यांची त्यात तपशीलवार नोंद आहे. महाराला थोरल्या ओळीत बसवणारी गणतीही गावगाड्यात होती. पण ओळ कोणतीही असो, माप मालकाच्या हातात होते, आणि रास उचलल्यावर खाली राहिलेले माती-खड्यांचे मातेरे हे आमच्या बायकांच्या सुपात यायचे. राशीची राखण करायला रात्री उघड्या खळ्यावर कोण झोपायचे, हेही वेगळे सांगायला नको. एका फाटक्या घोंगड्यात ती राखण व्हायची.

एवढे सगळे एका गोल जागेत, एका ऋतूत, दिवसाउजेडी घडत होते. चित्रकाराला याहून भरलेला विषय कोणता हवा होता?

युरोपातल्या चित्रकलेत हिवाळा हा स्वतंत्र विषय आहे. तिथे श्रीमंत आणि गरीब यांचा हिवाळा शेजारी-शेजारी चितारला गेला, म्हणून थोडे तिकडून येऊ. फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ग बंधूंनी १४१२ ते १४१६ च्या सुमारास एक प्रार्थनाग्रंथ चितारला. त्यात बारा महिन्यांची बारा पाने आहेत. जानेवारीच्या पानावर खुद्द ड्यूक उंची वस्त्रांत मेजवानीला बसला आहे, पाठीमागे विस्तव पेटलेला आहे. फेब्रुवारीच्या पानावर बर्फाने झाकलेले शेतकऱ्याचे घर आहे. आतली माणसे आपल्याला दिसावीत म्हणून चित्रकाराने घराची पुढची भिंतच काढून टाकली आहे. ती माणसे विस्तवापुढे बसून कपडे वर करून अंग शेकत आहेत, आणि त्यातल्या दोघांची लाज उघडी पडली आहे. बाहेर एक जण लाकडे तोडतो आहे. हे पान कलेच्या इतिहासात बर्फाच्या अप्रतिम रंगवणीसाठी वाखाणले जाते, आणि ती रंगवणी खरोखर अप्रतिम आहे. पण त्या ग्रंथाची पाने उलटणारा ड्यूक या उघड्या माणसांकडे पाहून हसला असेल की नाही, हा प्रश्न मला सोडवत नाही. गरिबाच्या घराला चित्रातही भिंत ठेवायची नाही, ही गोष्ट आपल्याला फार ओळखीची आहे.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १५६५ मध्ये, पीटर ब्रूगेलने अँटवर्पच्या योंगलिंक नावाच्या धनिकासाठी महिन्यांची चित्रमालिका काढली. त्यातले 'बर्फातले शिकारी' आज व्हिएन्नात आहे. शिकारी दमून परत येत आहेत, मागे माना घातलेली कुत्री, आणि सगळ्या शिकारीची कमाई म्हणजे काठीला टांगलेला एक कोल्हा. डावीकडे खाणावळीपुढे जाळ केलेला आहे, खाली गोठलेल्या तळ्यांवर माणसे घसरत खेळत आहेत. दर्शकाची नजर दूरच्या डोंगरांकडे जाते. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एका लहान पुलावरून एक बाई पाठीवर सरपणाची मोळी घेऊन चालली आहे. पुस्तकांत छापलेल्या चित्रात ती नखाएवढी दिसते. तरीही ब्रूगेलने ती काढली. कुणाच्या तरी विस्तवासाठी कुणीतरी लाकूड वाहून नेते, एवढे त्याने नोंदवून ठेवले.

इंग्लंडमध्ये पुढे ही नोंदही अवघड झाली. जॉन बॅरेल या इंग्रज अभ्यासकाने १९८० साली एका पुस्तकात १७३० ते १८४० या काळातली इंग्रजी ग्रामचित्रे तपासली. जमीन एकवटत गेली, मजूर नागवला गेला, तसतसा तो चित्रात आधी समाधानी, कष्टाळू दाखवला गेला आणि मग सावलीत, दूरवर, तोंड न दिसेल असा ढकलला गेला, असे त्याचे म्हणणे आहे. हिंदुस्थानात निसर्गचित्र घेऊन आलेला साहेब या परंपरेत वाढलेला होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या दरबारी चित्रकलेत हिवाळा होताच. बारमासा चित्रांत पौष-माघाची पाने असतात. त्यांत उबदार महाल, शाली, पांघरुणे आणि प्रेमी युगुल असते. थंडी हे तिथे जवळ येण्याचे निमित्त आहे. त्या चित्रांविषयी इथे जास्त बोलण्याचे कारण नाही.

साहेबाचा हिवाळा वेगळा. त्याचा दौऱ्याचा मोसमच हिवाळा होता. कार्तिक सरला की तंबू, घोडे, नोकर घेऊन जिल्ह्याचा दौरा निघायचा, आणि ज्याला हात होता तो अधिकारी वाटेत चित्रे काढायचा. कॅप्टन ग्रिंडले याचा पश्चिम हिंदुस्थानावरचा चित्रसंग्रह १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच देखावे, पेहराव आणि वास्तू असे तीन कप्पे आहेत. माणूस यातल्या कोणत्या कप्प्यात येतो? पेहरावात. म्हणजे जमीन एकीकडे, माणूस दुसरीकडे. जमिनीशी त्याचे नाते काय, ती कसतो की राखतो, की तिच्यावर पाऊल टाकायलाही त्याला बंदी आहे, हे विचारायला तिसरा कप्पा नाही. पुढे आपल्याकडचे चित्रकारही याच कप्प्यांत काम करू लागले. रावबहादूर धुरंधरांचा हात थोर होता, त्यांनी जातीजातींचे पेहराव काढले, पोस्टकार्डे काढली, इंग्रज ग्रंथकारांची पुस्तके सजवली. कप्पे मात्र तेच राहिले.

मुंबईला १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. १८७२ पासून ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला येत राहिला. तो मुलूख निजामाचा, म्हणजे आपला मराठवाडा. पुढे सेसिल बर्न्सच्या काळात जलरंगांना आणि उघड्यावर बसून काढायच्या निसर्गचित्रांना बहर आला. उघड्यावर बसून चित्र काढायचे तर पावसाळा नको आणि वैशाखाचे ऊनही नको. कोरडी हवा, स्वच्छ आकाश, लांब सावल्या हव्यात. अजूनही कलाशाळांच्या अभ्याससहली बहुधा याच दिवसांत निघतात. म्हणजे मराठी निसर्गचित्रांतला फार मोठा भाग हा प्रत्यक्षात हिवाळ्यात काढलेला आहे. त्यांत हिवाळ्याचे ऊन भरपूर आहे. थंडी नाही. अंगावर पांघरूण नसलेल्या माणसाला जी वाजते ती थंडी चित्रकाराच्या जागेवरून दिसत नव्हती, कारण तो सकाळी न्याहारी करून बसला होता आणि अंधार पडायच्या आत परतणार होता.

यात सरसकट निवाडा करणे मला मान्य नाही. कोल्हापूरचे आबालाल रहमान यांचेच पाहा. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. कोटितीर्थाच्या काठी ते राहिले, रंकाळा, संध्यामठ, पाण्यावरचा सकाळ-संध्याकाळचा उजेड त्यांनी वेड्यासारखा रंगवला आणि १९३१ साली गेले ते गरिबीतच. अशा माणसाला अभिजन म्हणून बाजूला सारता येणार नाही. तरीही एक गोष्ट खटकते. ज्या संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी नोकरीतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, ज्या संस्थानातल्या माणगावात मार्च १९२० मध्ये बाबासाहेब आणि शाहू महाराज अस्पृश्यांच्या परिषदेत एका व्यासपीठावर आले, त्या मुलखाच्या निसर्गचित्रात तो अस्पृश्य आला नाही. सरकारी हुकमात जे घडले ते रंगात घडले नाही. हळदणकरांसारख्या जलरंगावर असामान्य प्रभुत्व असलेल्या चित्रकारांविषयीही हेच म्हणता येईल. त्यांच्या कौशल्याबद्दल वाद नाही. त्यांची निसर्गचित्रे पाहताना मी पायवाटा शोधतो. गावातून निघणारी वाट देवळाकडे जाते, नदीकडे जाते. मी पाहिलेल्या एकाही चित्रात ती महारवाड्याकडे वळत नाही.

या परंपरेचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रभावी अवतार म्हणजे शाळेतला 'देखावा'. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांमुळे तो महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, वळणाची नदी, एक कौलारू झोपडी आणि नारळाचे झाड. लातूरच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेले पोर नारळाचे झाड काढते. जरा हात बसला की देऊळ येते, देवळावर ध्वज येतो, आणि अग्रभागी विहीर, तिच्यावर घागरी घेतलेल्या बायका. कोणत्या विहिरीवर कोणत्या बायका, हे पोराला कुणी विचारत नाही. मी आठवीत असताना स्मरणचित्राला 'खेड्यातील सकाळ' असा विषय मिळाला. मी आमच्या वस्तीतली शेकोटी काढली. भोवती उकिडवी बसलेली माणसे, खराट्याच्या काड्या आणि जुन्या चपला जळताहेत, मागे पत्र्याचे दार. शिक्षकांनी वही परत देताना सांगितले, देखावा काढ म्हटले होते. शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. देखावा म्हणजे दाखवण्याजोगे ते.

राष्ट्रीय चळवळीने खेड्याला प्रतिष्ठा दिली, तेव्हा तरी हे बदलायला हवे होते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी तिथली सजावट केली, तीही गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून. पुढे फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ग्रामजीवनाची चित्रफलके काढली, ती आज भारतीय चित्रकलेचा ठेवा मानली जातात. त्यांतल्या रेषेचा जोम मला आवडतो. कष्टकरी माणूस तिथे पहिल्यांदा चौकटीच्या मध्यभागी आला, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो एकेकटा आला. प्रत्येक जण आपापल्या कमानीखाली, आपापल्या कामात रमलेला. एका कमानीतल्या माणसाने दुसऱ्या कमानीतल्या माणसापासून किती पावले दूर उभे राहायचे, हे त्या फलकांवर नाही. जाती कमानींत विभागल्या गेल्या आणि सुंदर दिसू लागल्या.

ज्या १९३६ सालाच्या अखेरीस फैजपूर सजले, त्याच सालच्या मे महिन्यात बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन' हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने छापले. खेड्याकडे पाहण्याच्या या दोन नजरा होत्या. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर जो प्रहार केला त्याचा राग आजही अनेकांना आहे. मला तो प्रहार चित्रकलेच्या इतिहासातही महत्त्वाचा वाटतो. शतकभर जो देखावा रंगवला गेला, तो देशाच्या सर्वोच्च सभागृहात एका माणसाने नाकारला.

फैजपूर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेला आहे. दक्षिणेला कन्नडजवळ मकरणपूर आहे. फैजपूरनंतर दोन वर्षांनी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, तिथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद भरली. निजामाच्या राज्यात बाबासाहेबांना भाषणाची बंदी होती. शिवना नदी ही हद्द होती आणि मकरणपूर पलीकडे ब्रिटिश मुलखात होते, म्हणून ती जागा निवडली. निजामाच्या पोलिसांनी लोकांना मज्जाव केला, तरी लोक नदी ओलांडून गेले. पौषाच्या तोंडाची नदी, पाणी किती गार असेल याचा अंदाज मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. टेकडीवर विटांचा चौथरा रचला होता, त्यावरून बाबासाहेब बोलले. भाऊसाहेब मोरे यांनी 'जयभीम' या अभिवादनाचा उच्चार या परिषदेत केला, असे आंबेडकरी मराठवाडा अभिमानाने सांगतो. नदी, टेकडी, हिवाळ्यातले ऊन, पाण्यातून चालणारी माणसे. निसर्गचित्राला लागणारे सगळे साहित्य तिथे हजर होते. फैजपूरला नंदलाल बोस होते. इथे कुणी चित्रकार नव्हता.

आपल्या लोकांचा हिवाळा खरे तर अशाच दिवसांनी भरलेला आहे, आणि तो प्रस्थापित पंचांगात सापडत नाही. ६ डिसेंबरला जाण्यासाठी आदल्या रात्री लातूर-नांदेडच्या फलाटांवर लेकरांना चादरीत गुंडाळून बसलेल्या बाया. २५ डिसेंबर, १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. १ जानेवारीचे कोरेगाव. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती. १४ जानेवारी १९९४ चा विद्यापीठाचा नामविस्तार, ज्यासाठी १९७८ पासून मराठवाड्यातल्या वस्त्यांनी घरे जळताना पाहिली. आणि आमच्या भागापुरते आणखी एक: फेब्रुवारी १९४१ ची कसबे तडवळ्याची महार-मांग वतनदार परिषद. लातूरहून बार्शीकडे जाताना हे गाव लागते. फेब्रुवारी म्हणजे ज्वारीच्या काढणीचे दिवस, खळी पडायची वेळ. बलुत्याच्या पसाभर धान्यासाठी ज्या दिवसांत खळ्यावर उभे राहायचे, त्याच दिवसांत लोक वतनाचा हिशेब मागायला बाबासाहेबांसमोर जमले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. तडवळ्याच्या त्या दोन दिवसांना मी मराठवाड्यातले हिवाळ्याचे सर्वांत मोठे दृश्य मानतो.

काढणी म्हटली की मिलेचे चित्र आठवतेच. फ्रान्समधल्या मिलेने १८५७ साली शेतात पडलेली कणसे वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. मराठीत याला सरवा वेचणे म्हणतात, दुसरा शब्द शोधायची गरज नाही. मागे दूर गंज्या, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला कारभारी. बायका पुढे, मोठ्या, कंबरेत मोडलेल्या. पॅरिसच्या प्रदर्शनात सुखवस्तू लोकांना ते चित्र आवडले नाही. १८४८ ची क्रांती अजून त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि या तिघींमागे त्यांना जमाव दिसला. माझी आजी सरव्याला जायची. ती सांगायची की मालकाची शेवटची पेंढी उचलेपर्यंत बांधावर बसून राहावे लागे, आणि आधी वाकले तर ओटीतली कणसेही झाडून घेत. पहाटे दव असे, तेव्हा ज्वारीचे धसकट तळपायात शिरले तरी चटकन कळत नसे, इतके पाय बधिर झालेले असत. ऊन चढले की रक्त दिसे. मिलेच्या चित्रात पाय जाड बुटांत आहेत. हा दोष काढण्यासाठी सांगत नाही. आमच्या आज्यांचे चित्र काढायचे तर मिलेची नक्कल पुरणार नाही, एवढेच.

हा हिवाळा नोंदवला गेला तो शब्दांत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. प्र. ई. सोनकांबळे आमच्या उदगीरकडचे, त्यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ चे. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे, तेही लातूरच्याच मातीतले. या पुस्तकांत शेत आहे, रान आहे, रात्र आहे. पण कुठेही देखावा नाही, कारण लिहिणारा त्या रानात उपाशी उभा होता. चित्रकलेत नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके, कमरेला झाडू असलेला अस्पृश्य सरळ समोर आणला. त्यांनी माणूस आणला, निसर्ग मागे टाकला. ते योग्यच होते, आधी माणूस दिसणे निकडीचे होते. पण निसर्गचित्र हा प्रांत आपण प्रस्थापितांना कायमचा सोडून द्यावा असे मला वाटत नाही. जमीन ज्याच्या नावावर नाही त्याला ती दिसत नाही, असे थोडेच आहे? सालगडी जितके रान ओळखतो तितके मालक ओळखत नाही. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा जानेवारीत मध्यरात्री दारे धरायला गुडघाभर गार चिखलात उभा राहणारा तोच असतो. बॅटरीच्या झोतात दिसणारा पाण्याचा पाट, वाफ्यात घुसणारी चकाकी आणि भोवती काळोख, हे निसर्गचित्र अजून माझ्या पाहण्यात नाही.

सध्या आमच्या जिल्ह्यात हिवाळ्याचे एक नवे चित्र तयार होते आहे, म्हणून हा विषय मला आज निकडीचा वाटतो. ते चित्र येळवसेचे. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या हा लातूर-धाराशिवचा, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला सण. त्या दिवशी शहर ओस पडते, जिल्ह्याला सुट्टी असते, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबील, भज्जी, उंडे, खीर असते. सण चांगला आहे. ज्याला शेत नाही त्यालाही बोलावण्याची रीत त्यात आहे. आमच्या घरातली जुनी माणसे मात्र सांगतात की बोलावणे असायचे ते मागाहून, आपले भांडे घेऊन या असे, आणि आंबील वरून ओतली जायची. ती गोष्ट आता नाही. आता येळवसेची छायाचित्रे छापतात, चित्रकला स्पर्धांना तो विषय देतात, हुरड्याचे पैसे घेऊन शहरातल्या लोकांना रानात बसवतात. ज्वारीचा पेरा कमी होऊन सगळीकडे सोयाबीन झाले, त्यामुळे कोपीला कडबा मिळत नाही आणि काही ठिकाणी साड्या बांधून कोप उभी करतात. म्हणजे जो हिवाळा रानातून निघून चालला आहे तो चित्रात येऊन बसतो आहे. पुन्हा तोच सोनेरी रंग, आणि पुन्हा ज्याने पेंढ्या वाहिल्या तो चौकटीबाहेर.

'कोप' या शब्दाचे दुसरे रूप 'कोपी' असे आहे. ऊसतोड मजुरांच्या झोपडीला कोपी म्हणतात. बीड, लातूर, नांदेडच्या वस्त्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. दलित, बंजारा, वंजारी, जो जो भूमिहीन तो मुकादमाची उचल घेऊन निघतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. कारखान्याजवळच्या माळावर बांबू, उसाचे पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी उभी राहते आणि फाल्गुनापर्यंत तेच घर. येळवसेची कोप एका दिवसाची, ही साडेचार-पाच महिन्यांची.

गेल्या येळवसेला एका मित्राच्या रानात गेलो होतो. बांधापलीकडे उसाच्या फडाला लागून सात-आठ कोप्या होत्या. मित्राच्या आईने हाक मारली तशी त्यातली चार पोरे आली. जेवायला बसा म्हटले तर बसली नाहीत. डब्यात आंबील आणि उंडे घेतले आणि कोपीकडे परत गेली, कारण धाकटी भावंडे तिथे राखायला ठेवली होती आणि आई-बाप फडात होते. महाविद्यालयातली आमची मुले तिथे चित्रे काढत होती, कोपीची नव्हे, कोपेची. मी एकाला जरा वळून बस म्हणालो. तो वळला, बराच वेळ पाहत राहिला, आणि दोन्ही एका कागदावर कसे बसवायचे म्हणून मला विचारू लागला. बांध मधोमध येत होता. सायंकाळी रानात पेटता हेंडगा फिरवून लोक गावाकडे निघाले तेव्हा कोप्यांपुढे ट्रॅक्टर येऊन उभा होता. भरणी रात्रीच व्हायची होती. बायका पाचटाचा जाळ करून हात शेकत होत्या आणि मुकादम ट्रॉलीचे फाळके उघडत होता.